एका कागदावर चार पानं

मी पिराजी, उदगीरच्या मोंढ्यात मापाडी हाय. दिवसभर सोयाबीनचे कट्टे काट्यावर चढवायचे, उतरवायचे. संध्याकाळी घरी आलं की हात वर उचलत न्हाईत. आन् तसल्या हातानं मी ह्या प्रिंटरसमोर बसतो. कुठून बुद्धी झाली आन् हे डबडं घरात आणलं, माझं मलाच कळंना.

पोरगी अयोध्या गेल्या वर्षी डॉक्टरकीच्या नीट परीक्षेला थोडक्यात हुकली. औंदा लातूरचा क्लास परवडंना, म्हनून घरीच अभ्यास करून राहिली. सरावाचे पेपर मोबाइलवर येतात. पण मोबाइल तिच्या हातात द्यायचा न्हाई, हे मी पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितलं. मंग पेपर कागदावर काढून द्यायची जिम्मेदारी माझ्याच गळ्यात आली.

लातूरला दुकानात गेलो. दोन मशिनी होत्या. एक टाकीची, बाटलीनं शाई वतायची, पण किंमत तिप्पट. दुसरी शाईच्या बारक्या डब्यांची, स्वस्त. दुकानदार म्हनला, "मामा, रोजचं काम असंल तर टाकीचीच घ्या." मला वाटलं, हा त्याचा माल खपवून राहिला. मी स्वस्तातली उचलली. तीन आठवड्यांत डब्या खलास! नव्या दोन डब्यांची किंमत ऐकली आन् तिथंच स्टुलावर बसलो. तेवढ्यात निम्मी मशीन आली असती की हो!

आमच्या आडतीवरला मुनीम वीरभद्र, त्याला ह्यातलं कळतं. त्यानं घरी येऊन शाई वाचवायचं सेटिंग करून दिलं, आन् एका कागदावर चार पानं बसवून दाखवली. "आता बघा काका, डबी तीन महिने हलत न्हाई." खरंच हलली न्हाई. मोंढ्यात चार जणांना मी हे कौतुकानं सांगितलं.

माझी बायको पंचफुला एकदा म्हनली, "आवो, लई फिकं दिसून राहिलंय हे."

"तुला अभ्यास करायचाय का तिला?" मी म्हनलो. ती कामाला लागली. अयोध्या तर कधीच काही बोलली न्हाई. कागद घ्यायची आन् दाराच्या उजेडात जाऊन बसायची.

दर आइतवारी पेपर मी तपासायचो. तपासायचो म्हंजे काय, एक, दोन, तीन, चार, तिनं लिहिलेले आकडे मोबाइलमधल्या उत्तरांशी जुळवायचे. प्रश्न कोन वाचतो? मला त्यातलं ओ का ठो कळत न्हाई. बायलॉजी बरी यायची. फिजिक्स मात्र दर आठवड्याला खालीच. एका आइतवारी माझं डोकं फिरलं.

"ध्यान कुठं असतं गं तुझं? मी तिकडं कट्टे उचलून मरून राहिलो, आन् तुला साधे दहा प्रश्न येईनात! जाऊ दे, बीएला घाल नाव!"

रडली असती तर बरं झालं असतं. रडली न्हाई. दोन दिवसांनी आईला म्हनली, "आप्पाचं खरं हाय. मला फिजिक्स येतच न्हाई. ह्या खेपेला फॉर्म नको भरायला." फॉर्मची शेवटची तारीख आठ दिवसांवर होती. ऐकून मला वाईट वाटलं, पण खरं सांगतो, मनातून जरा सुटल्यासारखंबी वाटलं. इतका बेजार झालो होतो मी.

तिचं डोकं मात्र रोज दुखायचं. पंचफुलानं लईच धोसरा लावला, म्हनून त्याच आठवड्यात डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं तपासलं. "नंबर नाही. काय वाचते ही दिवसभर?" अयोध्यानं पिशवीतून कागद काढून दिला. "तीन महिने झाले, असलेच वाचते."

डॉक्टरनं तो दिव्याखाली धरला, चष्मा काढून बघितला, परत घातला. मंग माझ्यापुढं सरकवला. "वाचा."

मी डोळे बारीक केले. मुंग्या चालल्यासारखं काहीतरी दिसलं.

"मला न्हाई दिसत, साहेब."

"मलाही नाही," डॉक्टर म्हनला. "मग तीन महिने हिनं काय वाचलं?"

घरी आल्या आल्या मी हातपायबी धुतले न्हाईत. वीरभद्राला फोन लावला, सेटिंग काढायचं कसं ते विचारलं, आन् ज्या पेपरवरनं मी तिला बोललो होतो तोच परत काढला. एका कागदावर एकच पान. काळंकुळकुळीत.

अयोध्यानं ते पान आन् जुना कागद फरशीवर शेजारी शेजारी ठेवले. लई वेळ बघत बसली. मंग एका आकृतीवर बोट ठेवलं.

"आप्पा, हितं बाण होता. आन् ह्या आकड्यामागं उणे हाय. जुन्यात दिसलंच न्हाई."

"मंग?"

तिनं पेन्सिल घेतली आन् तिथंच वाकून चुकलेली गणितं परत मांडू लागली. एक झालं, दुसरं झालं. सहा सोडवली. मी मोबाइल घेऊन आकडे जुळवले. सहाच्या सहा बरोबर.

"म्हंजे मला येत होतं," ती हळूच म्हनली.

आतमधी पंचफुलाचा भाकरी थापायचा आवाज थांबला. मला वाटलं, हिनं आता मला चार शिव्या द्याव्यात, कागद फाडून अंगावर फेकावेत. माझी लायकीच ती होती.

तिनं कागद गोळा केले, माझ्याकडं बघितलं, आन् भीत भीत विचारलं,

"मंग फॉर्म भरू का, आप्पा?"