कितवी हाक

“माणूस तुम्ही मारलात, साहेब,” मावशी म्हणाली आणि पुढ्यातला कोरा कागद तिने टेबलावरून परत सरकवला.

रुग्णालयाच्या अधीक्षकांनी तो एका बोटाने पुन्हा तिच्याकडे ढकलला. शेजारी मेट्रनबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

“एकच वाक्य लिहायचंय,” ते म्हणाले. “हाक ऐकू आली नाही. खाली सही. नोकरी शाबूत, विषय संपला.”

बावीस वर्षं ती पुरुषांच्या वॉर्डात अंगं पुसत होती, भांडी देत-घेत होती. पेशंट तिला सिस्टरच म्हणत. हा मान मुळात मठातल्या धर्मभगिनींचा. त्यांच्याकडून तो नर्सकडे आला आणि नर्सकडून घरंगळत घाण उपसणारीपर्यंत. कळ आलेल्या माणसाला पदवी दिसत नाही, हात दिसतो. साहेबांना मात्र हे खुपलं. सोमवारी फळ्यावर हुकूम लागला: नर्सखेरीज कोणीही ‘सिस्टर’ या हाकेला ओ देऊ नये. एकदा समज, दुसऱ्यांदा घरी.

समज तिला त्याच सकाळी मिळाली. नऊ नंबरचे आजोबा, डावं अंग लुळं पडलेलं, म्हणाले, “सिस्टर, जरा उशी.” तिने उशी सारखी केली, आणि नेमके साहेब राउंडवर.

“सांगा त्यांना, तुम्ही कोण ते.”

“मी सिस्टर नाही, आजोबा. मावशी आहे.”

“मोठ्याने. सगळ्यांना कळू दे.”

ती मोठ्याने म्हणाली. कोपऱ्यातल्या खाटेवरून कुणीतरी फिदीफिदी हसलं. आजोबांनी ओशाळून भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुपारी नवे बिल्ले वाटायला मेट्रनबाईंनी झाडून सगळ्या नर्स खाली बोलावल्या. वॉर्डात उरली ती एकटी, दाराशी चादरींच्या घड्या घालत.

“सिस्टर!”

आजोबांचा आवाज. तिने चादरीची टोकं जुळवली.

“सिस्टर, अहो, तोल जातोय...”

तिने चादर झटकली.

तिसऱ्या हाकेला आवाज चिरकला. मग काहीच नाही. आणि मग हळूच, पाढा चुकलेल्या पोराने सुधारून म्हणावं तसं:

“चुकलो. मावशी... या ना.”

ती धावली. तोवर आजोबा खाली होते आणि डोकं लोखंडी स्टुलाच्या कडेवर.

“नोकरीच्या भीतीने गेली नाहीस, समजू शकते मी,” आता अधीक्षकांच्या खोलीत मेट्रनबाई म्हणाल्या.

“भीती कसली डोंबलाची!” मावशीने पदराने नाक पुसलं. “इरेला पेटले होते. म्हटलं, बोंबलू दे. येऊ दे साहेबांच्या खऱ्या सिस्टरला. घातलेली घडी मोडून पुन्हा घातली, बाई. इतकी फुरसत होती मला.”

अधीक्षकांचं पेन थांबलं.

“हे या खोलीबाहेर जाता कामा नये.”

“हेच लिहिणार आहे. माझं पाप माझ्या सहीने.” तिने कागद ओढला, त्यांच्या हातातलं पेनही काढून घेतलं. “पण अर्धा कागद तुमच्यासाठी ठेवते. पहिल्या तीन हाकांना ओ द्यायला वॉर्डात कोणाला ठेवलं होतंत? बोला, साहेब. लिहून घेते.”