कोरी बाजू

थोरले काका पाहुण्यांना गावाची जुनी दफनभूमी दाखवत होते, तेव्हा मी भिंतीबाहेर आईच्या कबरीवरचं गवत उपटत होते. काका निवृत्त हेडमास्तर. त्यांचा आवाज भिंतीला जुमानत नाही.

"हा माझा धाकटा भाऊ. आमच्याकडे नवरा-बायकोला एकच दगड असतो. डावीकडे त्याचा मजकूर, उजवीकडे तिचा. तिचा मजकूर मुलांनी ठरवायचा, आणि तो मग कुणी खोडायचा नाही. आता ही बाजू कोरी का? तर याची बायको दूर परगावी वारली. पण त्यानं शेवटपर्यंत तिची जागा राखली. असं प्रेम आता कुठं?"

कुणीतरी नाक ओढल्याचं ऐकू आलं.

ते परगाव म्हणजे मी बसले होते तो उतार. बाबांनी आईचं उजवं मनगट मोडलं, तेव्हा ती मला घेऊन घराबाहेर पडली आणि बाजारातल्या एका खोलीत तिनं शिलाईचं मशीन टाकलं. मनगट वाकडंच जुळलं. कापड ती डाव्या हातानं बेतायची. धुतलेले कपडे पिळायला मला हाक मारायची. घर सोडलेल्या बाईला भिंतीच्या आत जागा नाही, असा गावचा रिवाज. या उतारावर अशा बऱ्याच जणी आहेत. त्यांना दगड नाही. जमीन जराशी खचलेली दिसते, तेवढीच खूण. आत जेवढ्या बाजू कोऱ्या, तेवढ्या बाया बाहेर. आमच्या दफनभूमीचा हा इतिहास काका सांगत नसत.

संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावलं.

"या बाईसाहेब," काकू दारातच म्हणाली. "वाट चुकलात वाटतं."

काकांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "पाहुणे वाढलेत. बाहेरचा उतार सपाट करून गाड्या लावायची सोय करतोय. तुझी आई चाकांखाली नको. तिला भावाशेजारी आणू. झालं गेलं गंगेला मिळालं. आम्ही तिला माफ केलंय."

"तिला?"

"मग काय त्याला?" काकू म्हणाली. "मोठ्या मनानं देतायत तर घे. हट्टाला अगदी आईवर गेलीस."

शेवटच्या आजारात आई एकदा हसून म्हणाली होती, "त्याच्याशेजारी नको हं. लग्न झाल्यापासून भिंतीकडे सरकून झोपले मी. मेल्यावर तरी हातपाय पसरू दे."

मी चहा संपवला. "मजकूर मी ठरवायचा ना?"

"अर्थात! रिवाजच आहे तो. चार चांगले शब्द लिही."

"मग आधी दगड कोरून होऊ दे. आईला हलवायचं नंतर बघू."

काका इतके खूश झाले, की पाथरवटाची मजुरीही त्यांनीच देऊ केली. मी नको म्हटलं नाही.

पाथरवटानं माझा कागद वाचला आणि छिन्नी खाली ठेवली. "ताई, मला याच गावात राहायचंय."

"मलाही."

त्यानं कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाला, "माझी मावशी बाहेरच आहे," आणि त्यानं छिन्नी उचलली.

काम होईपर्यंत त्यानं दगडावर फडकं टाकून ठेवलं. पुढचे पाहुणे आले, तेव्हा त्यांच्या गाड्या उतारावरच लागल्या होत्या. काकांनी प्रेमाची तीच कथा सांगितली, "आणि आज ही जागा भरली!" म्हणत फडकं ओढलं. दगडाकडे त्यांची पाठ होती. पुढं उभ्या असलेल्या एका वयस्कर बाईंनी मोठ्यानं वाचलं:

"मी याच्याशेजारी झोपणार नाही. यानं माझं मनगट मोडलं. माझी जागा भिंतीबाहेर आहे, माझ्यासारख्या बाकीच्यांजवळ."

काका वळले. त्यांनीही ते वाचलं.

"बाकीच्या कुठं आहेत?" बाईंनी विचारलं.

मी फाटकाकडे बोट दाखवलं. सगळे बाहेर गेले. आपल्या गाड्या कशावर उभ्या आहेत हे कळल्यावर, कुणी न सांगता त्यांनी त्या काढल्या.

काका माझ्याजवळ आले. "मेलेल्या माणसावर सूड उगवलास?"

"हो."

"खोडून टाकीन मी ते!"

"मुलांनी ठरवलेला मजकूर खोडता येत नाही, काका. रिवाज तुमचाच आहे."

उतार अजून सपाट झालेला नाही. आतल्या कोऱ्या बाजू मात्र एकेक करून भरताहेत. बाहेरच्या बायांच्या लेकी-नाती मी शोधून काढते आहे, आणि पाथरवट आता कागद वाचून छिन्नी खाली ठेवत नाही.

काका पाहुण्यांना फिरवत नाहीत. मी फिरवते. सुरुवात भिंतीबाहेरून करते.