तिसऱ्या पायरीची पाचर

कुंई.

तिसरी पायरी वाजली आणि माझा पुढचा पाय अधांतरीच राहिला. दुपारची वेळ. वाडीतल्या पोफळींच्या सावल्या भिंतीवर हलत होत्या, खाडीला ओहोटी लागली होती, आणि सगळं रेवदंडा पाण्याच्या तळाशी निजल्यासारखं गप्प होतं. वर माडीवर बाळ झोपलेलं. मी श्वास धरून उभी राहिले. आधी पाळण्याची कडी किणकिणली, मग खोकला आला.

डांग्या खोकला. खोकता खोकता त्याचे ओठ जांभळे होत, आणि शेवटी श्वास आत ओढताना लांब आवाज येई. वैद्य म्हणाले होते, "माझं औषध निम्मं, झोप निम्मी. झोपलेल्याला उठवू नका, एवढं सांभाळा." खाली चुलीचा धूर, म्हणून पाळणा माडीवर. माझी कामं सगळी खाली. दिवसातून वीसदा जिना, वीसदा ती पायरी.

ओलांडून पाहिली. हातात पाण्याचा तांब्या असला की जमेना. मग केला तो आमच्याकडचा उपाय. दार कुरकुरलं तर खोबरेल, कान ठणकला तर खोबरेल. नवरा रुसला तरी शेजारीण खोबरेलच सुचवील. मी चांगलं वाटीभर ओतलं. दोन दिवस पायरी मुकी झाली. तिसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागली आणि आवाज पहिल्याहून मोठा.

"ऱ्हाऊ दे गो," ओटीवर सुपारी सोलत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "मुकं घर चोराला बरं."

"चोर नेणार काय आपल्याकडून? सुपारीची सालं?"

एरवी हसल्या असत्या. तेव्हा हसल्या नाहीत.

शेवटी मी थोरल्या लेकीला, तुळशीला धाडून करमअलीचाचांना बोलावलं. चाचा खाडीवर मचवे बांधतात. आमचा जिना त्यांच्या वडिलांच्या हातचा. आले, वहाणा बाहेर काढल्या आणि आजाऱ्याकडे बघावं तसे जिन्याकडे बघत राहिले.

"याला एक खिळा न्हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "खाऱ्या हवेत लोखंड टिकतंय थोडंच? बावानं सगळा पाचरींवर धरलाय, मचव्यासारखा. घर म्हंजे मचवाच हाय पोरी, पाण्यात लोटायचा ऱ्हायलेला."

मला ते इतकं आवडलं, की क्षणभर वाटलं, आपण सगळे नांगरलेल्या बोटीतच राहतो आहोत. पाळणा हलतो तो लाटेनं.

चाचांनी चुलीतली राख मागितली. पायरीच्या दोन्ही कडांच्या फटींत ती भुरभुरली आणि तुळशीला म्हणाले, "चढ गो मासोळी. हळूच." तुळशी सहा वर्षांची, स्वातंत्र्य आलं त्या सालची. तिनं पाय ठेवला. कुंई. उजवीकडची राख तशीच राहिली. डावीकडची फटीतून खाली झिरपली.

"तिथं हलतंय."

कंदील घेऊन ते जिन्याखाली, सरपणाच्या मागे शिरले. बोटांनी फटी चाचपल्या. मग आतूनच मला म्हणाले, "मनुबाय, पाचर पडलेली न्हाय. कुणी तरी ठोकून काढलीय."

सासूबाईंचा सुपारी सोलणारा हात थांबला. त्या उठल्या, देव्हाऱ्यामागून फडक्याची एक पुरचुंडी घेऊन आल्या. आत बोटभर लांबीचं लाकूड, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेलं.

"मीच काढली," त्या म्हणाल्या. "सदू तुळशीएवढा होता. माडीवर निजायचा. उजाडलं की गुपचूप उतरून खाडीवर, बोटी बघायला. त्याच खाडीनं त्याच्या बापाला नेलेला, वर्षही सरलं नव्हतं. पोराला दावं लावून बांधायचं काय? पाचर काढली. पायरी वाजली की मी दारात उभी."

सदू म्हणजे आमचे हे. ते आता कुठल्या समुद्रात होते कोण जाणे. आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकायचं काम. शेवटचं पत्र एडनहून आलं होतं. बाळ त्यांनी अजून पाहिलंही नव्हतं.

सासूबाईंनी पाचर चाचांच्या हातावर ठेवली. "ठोक. माझ्या नातवाला झोप हवी."

"भिजवून घेऊ?" मी विचारलं.

"न्हाय. कोरडीच घालायची. दमट हवा पिऊन फुगते, मग आपली आपणच धरून ऱ्हाते." बाळ जागं होऊ नये म्हणून चाचांनी हातोडीला तेच फडकं गुंडाळलं. चार ठोके, काळजाच्या ठोक्यांएवढेच.

त्या दुपारी बाळ दिवेलागणीपर्यंत झोपलं. मी उगाचच दोनदा वर जाऊन आले. पायाखाली पायरी असल्याचं कळतच नव्हतं. आपणच वजनाविना चढतोय असं वाटे. पाळण्यात श्वास संथ चालला होता, ओठ गुलाबी होते. मी तिथंच बसून राहिले असते.

खाली आले तर सासूबाई ओटीवर, हातात एकच सुपारी, न सोललेली. तुळशी तिसऱ्या पायरीवर बसून टाचा आपटत होती, जुना आवाज शोधत.

"आई, पायरी वाजली की आजी रोज दारात यायची?"

"रोज."

"बाबा बोटीवर गेले, तेव्हा वाजली होती?"

वाजली होती. त्या पहाटे मी त्यांची वळकटी घेऊन मागोमाग उतरत होते, तुळशी पदराला धरून. दारात कुणी आलं नव्हतं.

"हो, वाजली होती."

तुळशीच्या टाचा थांबल्या. तिनं ओटीकडे मान वळवली.

"मग आजी का नाही उठली?"