पायाला कळेल असा बूट

दुकानातल्या मुलीनं आणखी एक जोड पुढे ठेवला तेव्हा ड्रायव्हरला ओशाळल्यासारखं झालं. एका माणसाच्या दोन पायांसाठी केवढा हा पसारा! गमबूट, सँडल, रबरी मोजे, पाणबुडे घालतात तसले स्पंजासारख्या रबराचे बूट, आणि बाजूला रिकाम्या खोक्यांची चळत. मुलगी मात्र वैतागली नव्हती. भर थंडीत तळ्यात उतरणारं गिऱ्हाईक तिला क्वचितच मिळत असावं, त्यामुळे तिला उलट हुरूप आला होता.

"गमबूट नकोच काका," ती म्हणाली. "कयाक उलटली की त्यात पाणी भरतं, मग पायांच्या दोन बादल्या होतात. आणि तुमची पेडलवाली ना? मग सोलही फार जाड नको. पेडलच्या पट्ट्यात अडकतो."

कयाक म्हणजे एका माणसाची निमुळती होडी, आणि पेडलवाली म्हणजे वल्ह्याची भानगड नाही. खुर्चीला टेकून, पाय लांब करून बसायचं आणि सायकल मारल्यासारखे पाय चालवायचे. ड्रायव्हरनं हट्टानं तसलीच घेतली होती. उभा जन्म पायांच्या जोरावर गाडी चालवली, आता म्हातारपणी हातांच्या कशाला पाया पडायचं, असं तो लोकांना सांगे. लोक म्हणजे तळ्यावरचा चौकीदार. दुसरं कोणी विचारायला नव्हतं.

खरं कारण वेगळं होतं. एकदा स्टॉपवर बस थांबवताना पाय ब्रेकवर आहे असं त्याला वाटलं, आणि तो नव्हता. बस सावकाश पुढे सरकली आणि खांबाला टेकली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण चौकशी झाली, तपासणी झाली. डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला सांगितले. "तळव्याला दोरा लावतो, कळलं की हो म्हणा." ड्रायव्हर डोळे मिटून वाट बघत बसला. बराच वेळ झाला तरी डॉक्टर सुरुवात का करत नाहीत म्हणून त्यानं डोळे उघडले, तर डॉक्टर दोरा गुंडाळून ठेवत होते. साखरेनं पायांच्या नसा खाल्ल्या होत्या.

तेव्हापासून तो डेपोतल्या हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसत होता. छत्र्या, डबे, एकेकटे हातमोजे. वस्तू न्यायला कोणी आलं तर दोन शब्द बोलणं होई, पण माणसं हल्ली छत्रीसाठी परत फिरत नाहीत. हाक मारणारे अजूनही 'ड्रायव्हर' म्हणूनच हाक मारत, आणि त्यालाही ते बरं वाटे.

उरलं होतं ते तळं. पाय काम करताहेत हे त्याला पायांकडून कळत नसे, पण किनारा मागे पडताना डोळ्यांना दिसे. आठवडाभरात तेवढे दोन-तीन तास तो पुन्हा ड्रायव्हर होई. थंडी सुरू झाली तसा त्यानं दवाखान्यात सिस्टरना भीत भीत विचारलं होतं, की चालेल ना?

"थंडीत? पाण्यात?" सिस्टरनी कपाळाला हात लावला. "नाही म्हटलं तर ऐकणार आहात का? मग एक अट. पाय भिजू न देणारे बूट घ्यायचे, आणि घरी आल्या आल्या कुणीतरी तळवे नीट बघायचे. बुटात खडा गेला तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही. घरी आहे ना कोणी?"

"आहे की. मंडळी आहेत," ड्रायव्हर म्हणाला.

बायको होती, हे खरं. घरी होती, हे धादांत खोटं. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून ती गेली, नातवात रमली आणि तिकडचीच झाली. भांडण नाही, तंटा नाही, त्यामुळे तक्रार तरी कशाची करणार? रविवारी व्हिडिओवर भेट होई. सिस्टरना हे सांगितलं असतं तर त्यांनी तळं बंद केलं असतं. आणि दुसरं म्हणजे, त्याला लाज वाटली.

"हा घालून बघा," दुकानातली मुलगी म्हणाली. "मुद्दाम एक नंबर मोठा आणलाय. आत लोकरीचा मोजा बसला पाहिजे, बोटं हलली पाहिजेत. घट्ट झाला की रक्त थांबतं आणि पाय जास्तच गार पडतो. कसा वाटतोय?"

ड्रायव्हरनं दोन पावलं टाकली. कसा वाटणार? काहीच वाटत नव्हतं. बूट पायात होता की खोक्यात, हे खाली बघितल्याशिवाय सांगता आलं नसतं. "सैल आहे," त्यानं ठोकून दिलं. मुलीनं लहान दिला. तोही त्याला सैल. मग तिनं त्याहून लहान काढला, तो ओढून ओढून चढवावा लागला, आणि टाच आत गेली तशी ड्रायव्हर दचकला. पाय कुणीतरी धरला होता. घोट्यापासून बोटांपर्यंत, चांगला आवळून. किती वर्षांनी पायाकडून काहीतरी निरोप आला होता. त्याचे डोळे भरून आले, म्हणून तो उगाच चेन वरखाली करत वाकून बसला.

"काका, लहान होतोय हो हा," मुलगी म्हणाली.

"छे, अगदी मापात आहे. हाच द्या."

रविवारी तळ्यावर धुकं होतं. चौकीदार शेकोटीजवळून उठलासुद्धा नाही, नुसता हात वर केला. ड्रायव्हरनं कयाक पाण्यात ढकलली, पाय पट्ट्यांत अडकवले आणि निघाला. कयाकच्या तळाशी नेहमीसारखं पाणी साचलं, पण त्याचं त्याला काय! प्रत्येक पेडलला उजवा पाय कळत होता, डावा कळत होता. मधेच त्याला इतका आनंद झाला की तो मोठ्यानं ओरडला, "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे!" धुक्यात कुणी ऐकायला नव्हतं. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ तो पाण्यावर राहिला. बूट काढावेसेच वाटेनात.

घरी ते निघता निघेनात. निघाले तसा पाय पुन्हा गप्प झाला. ओले मोजे घाईघाईनं ओढून काढून त्यानं पाय कसेबसे पुसले, कोरडे मोजे घातले आणि फोन समोर घेऊन बसला.

"जेवलात का?" बायकोनं विचारलं.

"जेवलो. आज तळ्यावर गेलो होतो. नवे बूट घेतलेत, अगं, त्यात पाय—"

"बरं केलंत. थांबा हं, हा बघा काय तोंडात घालतोय!" नातवानं भोकाड पसरलं, पडद्यावर छत दिसलं, आणि फोन बंद झाला. त्या दिवशी त्याचे तळवे कुणी बघितले नाहीत. त्यानंही नाही.

गुरुवारी फरशीवर तांबूस ठसे दिसले. काहीतरी सांडलं असेल म्हणून त्यानं ते पुसले. स्वयंपाकघरात गेला तर ठसे त्याच्यामागोमाग आले होते.

दवाखान्यात सिस्टरनी मोजा सोडवला आणि दिवा जवळ ओढला. टाचेची साल निघाली होती. करंगळी काळीनिळी झाली होती.

"काका, मंडळींनी हे बघितलं नाही?"

"ती... तिचे डोळे जरा..."

"हरकत नाही. त्यांना बोलवून घ्या, मी शिकवते. रोज ड्रेसिंग लागेल. नंबर सांगा, मीच फोन लावते."

सिस्टरनी फोन हातात घेतला. ड्रायव्हर त्या फोनकडे बघत राहिला. आणखी एक थाप मारता आली असती, जिभेवर तयारच होती. पण समोर करंगळी दिसत होती, आणि ती दुसऱ्याच कुणाची असावी तशी मुकाट पडून होती.

"घरी कोणी नाही, सिस्टर," तो म्हणाला. "बायको लेकीकडे असते. मी एकटाच असतो."

हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आता बोलणी बसणार म्हणून तो मान खाली घालून बसला.

सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी टाच पुसली, पट्टी बांधली. "बोट वाचतं का ते डॉक्टर बघतील. तळं आता उन्हाळ्यापर्यंत विसरायचं. आणि पुढचे बूट कागदावर पाऊल काढून, त्या मापानं घ्यायचे. पाय बधिर झालेला माणूस नेहमी घट्टच बूट निवडतो, काका. त्याला तेवढाच कळतो."

मग त्या उठल्या आणि टेबलाचा खालचा ड्रॉवर ओढू लागल्या. तो अडकला होता. दोन हिसके दिल्यावर उघडला. आत आरसे होते, लांब दांड्यांचे, एकमेकांत गुंतलेले, काठोकाठ.

"तळवा बघायला. घरी कुणी नसलं की आम्ही हा देतो," सिस्टर म्हणाल्या. "तेव्हाच सांगितलं असतंत तर तेव्हाच दिला असता."

ड्रायव्हर ड्रॉवरकडे बघतच राहिला. "एवढे?"

"या महिन्यापुरते आहेत."

गुंता सोडवून त्यांनी एक आरसा त्याच्या हातात दिला, आणि उरलेले आत दाबून, गुडघ्याचा रेटा देऊन ड्रॉवर बंद केला.