रुमालाखालचा हात

आमच्या नातीचं, प्रियाचं लग्न टेंभुर्णीला झालं, त्याच उन्हाळ्यात सोलरची कंपनी आमच्या माळावर आली. करोनाच्या बंदीत ते लग्न पुढं ढकलत ढकलत आणलेलं, म्हणून साल विसरायचं काम नाही. पोरगी सासरी गेली होती आणि आमचे मालक, शिवाजी, दारातल्या मांडवाच्या बल्ल्या सोडत होते. तेवढ्यात कारभारी आला.

"शिवा, बल्ल्या मंग सोड. माळाला गिऱ्हाईक आलंय."

"कोन बा? तिथं तर कुसळ बी नीट उगवत न्हाई."

"सोलरवाले. इकत न्हाईत घेऊन, भाड्यानं मागून राह्यलेत. प्लेटा मांडनार. पानी नको, खुरपनी नको, नुसतं ऊन पायजे. अन् ऊन तर आपल्याकडं ढिगानं हाय."

मी चहा घेऊन बाहेर आले. म्हटलं, "अन् ढोरं काय चाटतील? प्लेटा?"

"केशरवहिनी," कारभारी हसून म्हणाला, "तुमाला एक डाव कंपनीच्या साहेबापुढं बसवतो. पळूनच जाईल."

असा मोकळा माणूस. तो मराठ्यांच्या आळीतला, आम्ही बौद्धवाड्यातले; पण त्याची न् मालकांची जोडी जवानीपासूनची. दोघं मिळून जाफराबादच्या बाजारात बैलाचे सौदे करायचे. मालक बैलाचे दात बघत, खूर बघत, चालवून बघत. भावाचं काम कारभाऱ्याचं. व्यापाऱ्याचा आणि त्याचा हात एका रुमालाखाली जायचा. बोटं धरून भाव सांगायचा, बोटं दाबून वाढवायचा. बघणाऱ्याला काही कळत नसे. मालकांना काही सांगायचं तर दुसऱ्या हातानं त्यांचा हात दाबायचा. तेवढ्या वेळात तिसऱ्यानं तोंड उघडायचं नाही, हा बाजाराचा कायदा. कुणाला पटलं नाही तर त्यानं रुमालाखालून हात काढून घ्यायचा, की सौदा मोडला. भांडण नाही, शिवी नाही. मालक म्हणायचे, "सौद्याला तोंड एकच असावं. दोन तोंडं झाली की बैल लंगडा ठरतो."

आता माळाचं सांगते. माळावर सगळ्यांच्या पट्ट्या शेजारी शेजारी. मधोमध आमची. आमच्या पट्टीतून जुनी गाडवाट नाल्यात उतरायची, आणि नाल्यापलीकडं आमच्या वाड्याची काळी जमीन. माळ म्हणजे नुसता मुरूम, पण ती काळी आम्हाला पोसायची. माझ्या सासऱ्यानं तिथली विहीर स्वतः खांदली. वाट गेली की काळी असून नसल्यासारखी.

म्हणून लिंबाखाली सगळे बसले तेव्हा मालकांनी एकच गोष्ट मागितली.

"गाडवाट कागदात आली पायजे. ती लिहिल्याबिगर मी सही करीत न्हाई."

"तुझ्या पट्टीबिगर कंपनीचं चालतच न्हाई," कारभारी म्हणाला. "मधला दात हाय तू. तुझी वाट ती माझी वाट. वाट लिहिल्याबिगर कुनीच सही करायची न्हाई. कबूल?"

सगळे कबूल म्हणाले. मग शेजारच्या पट्टीच्या संपतनं विचारलं, साहेबाशी बोलायचं कोणी? कुणी म्हणालं कारभारी, आणि कुणाचीच ना नव्हती.

"पन एक हाय," कारभारी म्हणाला. "मी बोलताना कुनी मधी बोलायचं न्हाई. बाजारात जसं, तसं. साहेब लोक हुशार असतात. आपल्यात दोन मतं दिसली की फाडून टाकतात."

त्यानं खंडोबाचा भंडारा मागवला. बेल ठेवला, भंडारा उचलला, "सगळ्यांच्या भल्याचं बोलीन" म्हणाला. एकेकानं भंडारा उचलून गप्प राहायचा शबूद दिला. मालकांपुढं ताट आलं तेव्हा त्यांनी हात जोडले.

"मी भंडारा उचलत न्हाई, तुमाला ठाव हाय. पन खोटं बोलायचं न्हाई हे शील मी रोज घेतो. माझा शबूद हाय. तू बोलशील, मी गप्प राहीन."

"शिवाचा शबूद भंडाऱ्याहून भारी," कारभारी म्हणाला. आणि ते खरं होतं. तिथंच आमचं चुकलं.

सह्यांना सगळे जाफराबादला गेले. मीही गेले, बाजार करायचा होता म्हणून. कचेरीच्या पायरीवर बायकांत बसले. मालक बाहेर आले ते थेट जीपमध्ये जाऊन बसले. परतीच्या जीपमध्ये मी विचारलं,

"झालं का बराबर?"

"सही झाली."

"वाटेचं लिहिलं ना?"

ते खिडकीतून बाहेर बघत होते. रस्त्याकडंला सरकीसाठी रानं नांगरून पडलेली.

"लिहिनाऱ्यानं सगळं वाचून दाखवलं. उत्तरंला कोन, दखनंला कोन. मी वाट बघून राह्यलो, आता गाडवाट येईल, मंग येईल. आली न्हाई."

"मंग बोललात कामून न्हाई?"

"बोलनारच होतो. कारभाऱ्यानं बाकाखाली माझा हात धरला अन् दाबला. बाजारात दाबायचा तसा. म्हंजी थांब, सौदा होऊन राह्यलाय."

"आवं, तो बैल न्हवता!"

"शबूद दिल्ता मी, केशर. तो म्हनला, वाटेचा कागद येगळा होनार हाय."

वेगळा कागद कधी झालाच नाही. मिरगाच्या आत माळावर खांब रोवले गेले, जाळी ताणली गेली. तारेचं काम कुणाला मिळालं, तर कारभाऱ्याच्या पोराला, भुजंगला. मुरूम टाकायचं भुजंगला, चौकीदारीचं भुजंगला. गाडवाटेच्या तोंडावर पाटी लागली. साक्षरतेच्या वर्गात पांढऱ्या केसांनी शिकलेली अक्षरं मी एकेक करून जोडली. आत यायला बंदी आहे, असं लिहिलेलं.

मालक बैलगाडी घेऊन त्या पाटीपुढं उभे राहिले. गाडीत बी होतं, खत होतं. कारभारी तिथंच पोराचं काम बघत होता.

"कारभारी, गाडी कुठून नेऊ?"

"नाल्याच्या आंगानं ने की. जरा फेर पडतो."

"गाडी उतरते का तिथून? पालथी होईल."

"शिवा, ऐक माझं. साहेब म्हनले, वाट सोडली तर प्लेटांची रांग तुटते. वाट पायजे तर सौदा न्हाई. मी काय करायचं? साऱ्या गावाचं नुकसान करू?"

"हे सहीच्या आधी ठाव होतं तुला?"

कारभाऱ्यानं तारेचा एक फेर ताणून बघितला. मग म्हणाला, "मी खोटं बोललो का? तू इचारलंच न्हाई."

"तूच हात दाबला. येगळ्या कागदाचं बी तूच म्हनला."

"गप्प राहायचं तूच कबूल केल्तं."

माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "भाऊ, पोराला तारा मिळाव्या म्हनून मित्राची वाट इकली. चोर बरा, तो निदान अंधाराची वाट बघतो."

"वहिनी, बाप्ये मानसं बोलून राह्यलेत."

"मानसं! मानसं असती तर ही तार कशाला लागली असती?"

मालकांनी माझा दंड धरला आणि गाडी माघारी वळवली. बैल वळायला तयार नव्हते. त्यांच्या पायाला ती वाट पाठ होती.

ग्रामसभेत सरपंचानं मालकांना विचारलं, "शिवाजीबाबा, वाटेची बोली झाल्ती का न्हाई? तुम्ही सांगा, आम्ही मानू." सगळी सभा त्यांच्याकडं बघत होती. मालक उठले, उपरणं नीट केलं आणि म्हणाले, "बोलायचं मी कारभाऱ्याच्या तोंडी दिलंय. ते अजून माघारी घेतलं न्हाई. त्यालाच इचारा." आणि खाली बसले.

कारभारी उठला. "भंडारा उचलून म्हनलो होतो, सगळ्यांच्या भल्याचं बोलीन. सगळ्यांना भाडं येतं का न्हाई? मंग?"

मी बायकांतून उठले. "शबूद ह्यांनी दिल्ता, मी न्हाई दिला. लिंबाखाली बाईमानसाला कुनी इचारलंच न्हवतं, म्हनून मी मोकळी हाय. वाटेची बोली झाल्ती. मी चहाची किटली घेऊन तिथंच उभी होते. संपतभाऊ, झाल्ती का न्हाई?"

संपतनं मान खाली घातली. भाडं त्यालाही येत होतं. बाकीचेही भिंतीकडं बघत राहिले. लिहून घेतलं गेलं की एका बाईचं म्हणणं असं असं आहे. बस.

घरी आल्यावर मी भांडले. "तुमच्या शबदाचं लोनचं घालू का? त्यानं आपला मोडला, तुम्ही त्याचा कशाला जपता?"

"त्यानं मोडला म्हनून मी मोडला, तर आमच्यात फरक काय राह्यला?"

"फरक हा, की त्याचं पोरगं चारचाकीत फिरतं अन् आपला कापूस डोक्यावर येतो."

कापूस खरंच डोक्यावर आला. नाल्यातून, चिखलातून, दोन हंगाम. मालकांची कंबर वाकली. वाड्यातले बाकीचे काळी पड टाकून जालन्याला कामाला निघून गेले. आम्ही पड टाकली नाही.

मग कारभारी आजारी पडला. पोट धरून अंथरुणाला खिळला. एक दिवस त्याची बायको पुष्पाबाई आमच्या दारात आली. उंबऱ्याच्या आत येईना.

"केशरबाई, दादाला पाठवा. सारखं शिवा शिवा करून राह्यलेत."

मी म्हणणार होते, नाल्याच्या आंगानं या म्हणावं. पण बाईचं तोंड बघितलं आणि पदर सावरला. आम्ही दोघं गेलो.

कारभाऱ्याची नुसती हाडं उरलेली. अंगावर घोंगडी. मालक जवळ बसले तसा त्यानं त्यांचा हात ओढून घोंगडीखाली घेतला. घोंगडी हलताना दिसत होती. तो हात दाबत होता, पुन्हा पुन्हा दाबत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. जल्मभर दोघं असेच बोलले होते. तो काय मागत होता, ते मला सांगायची गरज नव्हती.

मालकांनी बराच वेळ हात राहू दिला. मग हळूच घोंगडीखालून काढून घेतला.

कारभाऱ्यानं डोळे मिटले. मालकांनी तांब्या उचलला, त्याच्या तोंडात दोन घोट पाणी घातलं, घोंगडी गळ्यापर्यंत सारखी केली आणि उठले. बाहेर अंगणात मला म्हणाले, "उद्या तहसिलीत जायचं. आता मी बोलनार."

दुसऱ्या दिवशी आम्ही जाफराबादला गेलो. मालकांनी उभं राहून सगळं सांगितलं, बाकाखालच्या हातासकट. साहेबानं ऐकून घेतलं, बाबा इतके दिवस गप्प का होतात म्हणाला, आणि अर्ज ठेवून घेतला. तारीख पडली. मग पुढची पडली.

वाट अजून बंद आहे. अर्जावर आता माझं नाव आहे. तारखेला मी जाते, सही स्वतः करते. मागच्या तारखेला संपत माझ्या मागं जीपमध्ये चढला. कुठं म्हणून विचारलं तर म्हणाला, "साक्ष द्यायला."

कारभारी दोन हजार चोवीसच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला गेला. आमचे मालक, शिवाजी, त्यानंतरच्या माघ पौर्णिमेला गेले.