मागच्या कोपऱ्यातला आवाज

आमच्या जावईबापूंचं म्हणणं असं, की गाडीचा आवाज गेलाय. इंजिनाचा नव्हे, ते ठणठणीत आहे, गाण्याचा. पुढे बसलं की वाटतं, शेजारच्या घरात कुणीतरी रेडिओ लावलाय आणि मधली खिडकी बंद आहे. मी म्हटलं, असेल. मला त्याचं काही नव्हतं. हे गेल्यापासून मला कशाचंच काही नाही. तसं बोलून दाखवलं की समोरचा माणूस माझा हात धरून बसतो, म्हणून बोलायचंही सोडलंय.

मी पडदे शिवते. पडदे, सोफ्याची कव्हरं, उशांचे अभ्रे. माप घ्यायला आणि शिवलेलं टांगायला लोकांच्या घरी जावं लागतं, गाडी त्यासाठीच घेतलेली. चालवायचे हे. पुढची डावी सीट आम्ही पार आडवी करून टाकली होती, कारण पडद्यांचे रॉड लांब. एक टोक डॅशबोर्डला टेकवायचं, दुसरं मागच्या काचेला. कापडाचे तागे त्यांच्याच बाजूला. बसायला उरायची एकच जागा, यांच्या पाठीमागची. तिथे मी. लोक बायकोला शेजारी बसवतात, आमच्याकडे तो मान रॉडचा. चेहऱ्यापेक्षा यांची मानच मी जास्त पाहिली असेल. कॉलरच्या जरा वर एक तीळ होता, आणि केस कापून आले की त्याच्याभोवती एक गोरी पट्टी दिसायची.

आता चालवते मी. लायसन्स होतंच, वेळ आली नव्हती. कामं काही थांबवली नाहीत. हे गेले त्याच आठवड्यात एका बाईंचे पडदे नेऊन टांगले, आणि चुण्या कशा एकसारख्या पडल्या होत्या. मुलगी फोनवर रडते, मी तिला विचारते, जेवलीस का. तिला वाटतं आई धीराची. धीर कसला मेला, आत काही हलतच नाही. हातावर झोपलं की हाताला मुंग्या येतात ना, तसं झालंय. हात दिसतो, पण आपला वाटत नाही.

मग तिनेच नवऱ्याला कामाला लावलं, की आईसाठी काहीतरी कर. तो पडला आवाजवेडा. त्याने ढीगभर व्हिडिओ पाहिले आणि माझ्यामागे भुणभुण लावली. वाद असा होता: गाडीबरोबर आलेला कंपनीचा स्टिरिओ ठेवायचा आणि त्याला अॅम्प्लिफायर नि नवे स्पीकर जोडायचे, की तोच काढून मोठ्या स्क्रीनचा नवा बसवायचा? ठेवला तर स्टिअरिंगवरची बटणं, मागचा कॅमेरा, सगळं जिथल्या तिथे चालणार. पण मुळात तोच मिळमिळीत आवाज देत असेल, तर पुढे कितीही भारी स्पीकर लावा, मिळमिळीतच मोठ्याने ऐकू येणार. काढला तर आवाज स्वच्छ, पण पॅनेल उचका, वायरी बदला, सगळी उस्तवार. मला आपलं शिवणातलं कळतं. जुन्याला अस्तर लावायचं की नवंच शिवायचं, एवढाच प्रश्न. मी म्हटलं, तुम्हाला हवं ते करा. हल्ली हे वाक्य मला फार उपयोगी पडतं.

तर शनिवारी दुपारी आम्ही गाड्यांच्या सामानाच्या एका दुकानात गेलो. सगळीकडे सीटकव्हरांचे गठ्ठे, नव्या रबराचा वास, आणि भिंतभर स्पीकर, सगळे एकदम वाजत असलेले. दुकानदार काढून टाकण्याच्या बाजूचा होता, ते सांगायला नकोच. ताई, या जुन्या डब्यात राम राहिला नाही, असं त्याने गाडीत डोकावायच्या आधीच सांगून टाकलं. फिटर पॅनेल उचकटायची प्लास्टिकची पट्टी घेऊन तयारच उभा होता. मी उघड्या दारापाशी पर्स धरून उभी राहिले.

दुखणं दाखवायला म्हणून जावईबापू ड्रायव्हरच्या सीटवर बसले. स्टिरिओला यांचा पेनड्राइव्ह अजून तसाच होता, त्यातलं एक गाणं लागलं. तीन कोपरे मेलेत, एकच काय तो जिवंत आहे, असं जावई दुकानदाराला समजावत होता. मग या स्टिरिओत आवाज कमीजास्त करायचीसुद्धा धड सोय नाही, हे दाखवायला त्याने एकेक बटण दाबायला घेतलं, आणि दाबता दाबता थांबला. वाकून बघत राहिला. मग हसायला लागला.

"आई, काही बिघडलेलंच नाहीये. आवाज सगळा मागे ढकलून ठेवलाय."

मी वाकून पाहिलं. स्क्रीनवर गाडीचं चित्र होतं, वरून पाहिल्यासारखं. चार सीट आणि एक ठिपका. आवाज कुठे पाठवायचा ते त्या ठिपक्याने ठरतं, जावयाने सांगितलं. ठिपका मध्ये असला की सगळ्यांना सारखा. हा मात्र पार मागे नेलेला होता, उजव्या कोपऱ्यात, ड्रायव्हरच्या पाठीमागे.

माझी जागा.

गाडी आणली त्या दिवशी यांनी गाणं लावलं होतं आणि आरशातून मला विचारलं होतं, कसा आहे आवाज? मी म्हटलं, छान आहे. दुसरं काय म्हणणार, माणूस लहान मुलासारखा खूश होता. खरं सांगायचं तर मला गाडीत गाणं नको असतं. दिवसभर मशीनची खडखड ऐकलेली, डोक्यात मापं घोळत असतात. पण म्हटलं, यांचा शौक आहे, दिवसभर गाडी हाकतात बिचारे, ऐकू देत. मी कानात कापूस घालून बसायचे. केसांखाली दिसायचा नाही. अधूनमधून हे आरशात बघून विचारायचे, ऐकू येतंय ना? कापसातूनही तेवढं कळायचं. मी म्हणायचे, येतंय की. मला वाटायचं, आपल्या वस्तूची फुशारकी मारतायत.

"मध्ये आणतो, झालं," जावई म्हणाला. "फुकटात काम." दुकानदाराचा चेहरा उतरला. जावयाचं बोट बटणाकडे गेलं.

"हात लावू नका," मी म्हटलं.

आवाज माझाच होता, पण फिटर एक पाऊल मागे सरकला. जावयाने बोट तसंच हवेत धरलं. आई, पुढून नीट ऐकू येईल, तुम्हीच चालवता ना आता, असं तो समजावू लागला. त्याचं बरोबर होतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. दुकानदाराने मध्येच तोंड घातलं, की मग ताई ठरलं काय, काढायचा की ठेवायचा? माझ्या मनात आलं, काढला की ठिपका गेला, नवीन डब्यात सगळं पहिल्यापासून. ठेवून मध्ये आणला तरी गेलाच.

मी म्हटलं, आहे तसा राहू दे, आणि मागचं दार उघडून बसले. जावयाला सांगितलं, घरी चला, गाणं चालू ठेवा.

रस्त्याला फारशी गर्दी नव्हती. पुढची सीट आडवीच होती, तिच्यावर त्या दिवशी रॉड नव्हते. समोर जावयाची मान, तरुण, तिच्यावर काही नाही. गाणं माझ्या दारातून येत होतं, अगदी कोपराजवळून, आणि गाणाऱ्या बाईचा श्वाससुद्धा कळत होता. कापसाशिवाय मी ते पहिल्यांदा ऐकत होते. आवाज खरंच छान होता. यांनी केलेलं ते काम होतं आणि मी ते कधी घेतलंच नव्हतं, आणि यांनाही पुढे काही मिळत नव्हतं. दोघांनी एका गाडीत बसून एकमेकांसाठी गाणं लावून ठेवलं होतं, आणि ऐकत कुणीच नव्हतं. मला हे सगळं समजत होतं, पण समजणं वरच्या वर होतं, खाली काही उतरत नव्हतं.

सिग्नलला गाडी थांबली. जावयाने मान जरा तिरकी केली, कान दिला, आणि आरशात माझ्याकडे पाहिलं.

"पुढे तर काहीच कळत नाहीये," तो म्हणाला. "तुम्हाला ऐकू येतंय ना?"

येतंय की, असं म्हणायला मी तोंड उघडलं. इतकी वर्षं म्हटलेले दोनच शब्द. ते बाहेर येईनात. घशातून भलताच आवाज निघाला, आणि मी पर्स तोंडावर दाबली. मागचे हॉर्न वाजवायला लागले होते. जावयाने गाडी कडेला घेतली आणि गाणं चालू ठेवलं.