बिनभाराची तपासणी

कारखान्यात पंख्यांचा वेग ठरवणारे इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनायचे आणि ते तपासायची रीत ठरलेली होती. तपासणीपत्रकावर आकडे आधीच छापलेले असायचे. टेबलावर बोर्ड ठेवायचा, मीटर लावायचा, छापील आकड्याशी जुळला की टिक करून सही ठोकायची. आकडे बोर्डाचा डिझायनर उन्मेष याने काढलेले, त्यामुळे ते चुकण्याचा प्रश्नच नव्हता. निदान उन्मेषला तरी तो कधी पडला नव्हता.

तपासणीच्या टेबलावरच्या देवयानीचा प्रोबेशनचा शेवटचा आठवडा चालू होता. तेवढ्यात बेटमा गावच्या शीतगृहातून तक्रार आली की बोर्डाला पूर्ण वेग सांगितला तरी पंखे निम्म्यानेच फिरतात आणि बटाट्यांना घाम सुटलाय. उन्मेषने बेटम्याला न जाता, चहा गार व्हायच्या आत अहवाल लिहिला: ग्राहकाची वायरिंग सदोष. खाली तपासणारी म्हणून सही देवयानीची हवी होती. मालक मालोजीरावांनी तिला केबिनमध्ये बोलावून गोडीत सांगितलं की ही सही झाली की पक्क्या नोकरीचं पत्र निघेल.

तिने एक दिवस मागून घेतला आणि बोर्ड उघडला.

प्रोग्रामने दिलेल्या आकड्याचं व्होल्टेज करायला त्यावर रेझिस्टरांची शिडी होती, दहा आणि वीस हजार ओहमची. जुन्या बोर्डात शिडीपुढे बफर होता, शिडीवर भार पडू न देणारी नखाएवढी चिप. उन्मेषने ती काढून टाकली होती. बोर्ड लहान झाला म्हणून टाळ्या पडल्या होत्या आणि त्याने खुशीत सगळ्यांना भुट्ट्याचा कीस खिलवला होता. मीटरसमोर शिडी गुणी बाळासारखी वागायची, कारण मीटर तिच्याकडून जवळपास करंट मागतच नाही. पंख्याचा ड्राइव्ह, म्हणजे त्याची मोटार चालवणारा डबा, मागतो.

दुसऱ्या दिवशी तिने बोर्ड मालोजीरावांच्या टेबलावर मांडला. पूर्ण वेगाला मीटरवर ४.९८ व्होल्ट, पत्रकावर छापलेत तेवढेच. उन्मेष हसला. मग तिने आउटपुटवर दहा हजार ओहमचा एक रेझिस्टर जोडला, ड्राइव्हच्या आत असतो तेवढाच. मीटर २.४९ वर उतरला. शिडीचा स्वतःचा रोधही तेवढाच, म्हणून निम्मं व्होल्टेज आतच राहतं, असं तिने सांगितलं.

"अरे यार, लोड तर तू लावला ना," उन्मेष म्हणाला. "बोर्ड एकदम ओके आहे."

"बरोबर आहे, उन्मेष भिया. कुठे जोडायचाच नसेल तर ओकेच आहे."

मालोजीरावांनी खोकल्यात हसू लपवलं. उन्मेष सावरला आणि म्हणाला की एवढं काय, प्रोग्राममध्ये आकडे दुप्पट करून टाकू. देवयानीने शांतपणे विचारलं की पूर्ण वेगाला आपण २५५ पाठवतो, तो आठ बिटांचा शेवटचा आकडा, त्याची दुप्पट कुठे ठेवणार? इंजिनिअरिंगचं सुवर्णपदक मिळवलेला माणूस बोटांवर हिशेब करू लागला.

तिने अहवाल पुढे सरकवला.

"मी सही करणार नाही, सर. बोर्ड ओके आहे असं उन्मेषजींना वाटतं, तर त्यांनीच करावी."

मालोजीरावांनी स्वतःचं पेन उघडून उन्मेषपुढे धरलं. उन्मेषने पेन घेतलं. अहवाल पहिल्या ओळीपासून वाचला, जणू दुसऱ्या कुणी लिहिलाय. मग पेन खाली ठेवून म्हणाला की ड्राइव्हचं माहितीपत्रक एकदा बघायला हवं.

"आत्ता?" मालोजीराव म्हणाले.

त्यांनी अहवाल फाडला आणि देवयानीकडे फोन सरकवला. तिथला वायरमन वायरी उपटायला निघण्याआधी तिने बेटम्याला सांगितलं की वायरिंगला हात लावू नका, दोष आमचा आहे.